छोट्या मिलिंग मशीनवर लोखंड कापताना मशीन थरथरते, एंडमिल (फिरून कापणारे कटर) तुटतात आणि माप चुकते. काय करावे?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावरची छोटी मिलिंग मशीन बसवली आहे. ॲल्युमिनियम बरं कापलं जातं, पण एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाच्या) पट्टीत 10 मिमीचा स्लॉट (खाच) पाडताना मशीन थरथरते, महिन्यात चार एंडमिल गेले आणि स्लॉट 0.1 ते 0.2 मिमी मोठा होतो. मी जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलचे आणि पेरणी यंत्राचे सुटे भाग करतो. सुरुवात अशाच मशीनवर केली, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊ, पाचवा एंडमिल आणण्याआधी मला एक सांगा, कटर कशात धरता? ड्रिल चकमध्ये धरत असाल तर अर्धं दुखणं तिथेच आहे. ड्रिल चक वरून येणारा दाब सोसतो, बाजूचा नाही. माझा पहिला एंडमिल असाच कापता कापता चकमधून खाली सरकला, जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) रुतला आणि तुटला. कोलेट (कटरला चहूबाजूंनी घट्ट पकडणारी चिरा असलेली नळी) घ्या आणि तिला स्पिंडलमध्ये वर ओढून धरणारा लांब बोल्ट, म्हणजे ड्रॉबार, नीट आवळा.

मग मशीनमधली ढिलाई शोधा. डायल गेजचा (मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाचा) मॅग्नेटिक स्टँड कॉलमवर, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबावर लावा, काटा टेबलाला टेकवा आणि टेबल हाताने मागेपुढे ढकला. काटा 0.02 मिमीच्या आसपास हलला तर चालेल. 0.08 किंवा 0.1 हलला तर गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) ढिली आहे. स्लाइड केरोसीनने धुऊन तेल लावा, लॉकनट सैल करा, गिबचे स्क्रू एकेक करून थोडे थोडे आवळा. हँडल किंचित जड लागलं की थांबा. लॉकनट आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि केलेली मेहनत वाया जाते. हीच तपासणी हेडला आणि स्पिंडलला करा. स्पिंडल हाताने ढकलल्यावर काटा हलत असेल तर बेअरिंग बघावी लागेल. आणि कापताना जी स्लाइड वापरात नाही ती लॉक करायचीच. कितीतरी जण तो लॉक कधी फिरवतच नाहीत.

आता माप. 10च्या कटरने एका दमात 10चा स्लॉट पाडू नका. कटर वाकतो, स्लॉट मोठा आणि तिरपा होतो. 8चा कटर घ्या, मधून कापा, मग दोन्ही भिंती वेगळ्या घ्या. इथे बॅकलॅश आडवा येतो: हँडल उलट फिरवलं की टेबल लगेच हलत नाही, आधी स्क्रू आणि नटमधला खेळ भरून निघतो. म्हणून मापावर नेहमी एकाच बाजूने यायचं. पुढे गेलात तर पूर्ण एक फेरा मागे जाऊन पुन्हा या. भिंत घेताना दात जॉबला ज्या दिशेला ढकलतो, त्याच्या विरुद्ध टेबल सरकवा. त्याच दिशेने सरकवलं तर कटर टेबलाला स्वतःकडे ओढतो, बॅकलॅशएवढं टेबल एकदम उडी घेतं आणि दात जातो. तुमच्या चारपैकी एखाददुसरा नक्की असा गेला असणार.

वेग: एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर आणि एमएससाठी कटरच्या धारेचा वेग मिनिटाला 25 मीटर धरा. 8च्या कटरला साधारण 1000 आरपीएम होतात. ॲल्युमिनियमचा वेग लोखंडाला लावला तर धार जळते. चार दातांच्या कटरला मिनिटाला 80 मिमी फीड (टेबल सरकवण्याचा वेग) पुरे. स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर) 2 मिमी असेल तर दीड सेकंदात हँडलचा एक फेरा. खोली एका वेळी अर्धा मिमी. घाबरून फार हळू फिरवलं तर कटर कापत नाही, नुसता घासतो, आणि घासण्यानेही तो ओरडतो. सोबत कटिंग ऑइल द्या. मशीन फिरत असताना हातमोजे नकोत आणि चिप्स ब्रशनेच काढा.

आपल्याकडे मे महिन्यात पत्रा तापला की माप चुकण्याचं खापर उन्हावर फोडतात. पण 100 मिमी लोखंड 20 अंशांनी तापलं तरी 0.024 मिमीच वाढतं. तुमचे 0.2 उन्हाचे नाहीत. व्होल्टेजवर मात्र माझा संशय आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कापताना स्पिंडल मंदावतो, तुमचा हात मात्र त्याच वेगाने फीड देत राहतो, प्रत्येक दातावर जास्त माल येतो आणि कटर तुटतो. लांब, बारीक एक्स्टेंशन वायर असेल तर ती आधी काढा आणि मशीन चालू असताना मल्टिमीटरने प्लगपाशी मोजा. 200 व्होल्टच्या खाली आढळलं तर स्टॅबिलायझर घ्या, किंवा तोवर लोखंडाचं काम सकाळी करा.

हे सगळं करूनही भिंत तिरपी आली तर हेड टेबलाशी काटकोनात आहे का ते बघा. स्पिंडलला डायल लावून टेबलावर हाताने गोल फिरवा, डावी-उजवी आणि पुढची-मागची रीडिंग सारखी यायला हवी. डाव्या-उजव्यात फरक असेल तर हेडचे बोल्ट ढिले करून, हलके ठोकून सरळ करा. पुढे-मागे फरक असेल तर कॉलमखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) द्यावी लागते, त्याला अर्धा दिवस जातो.

डायलचे आकडे काढलेत की इथेच लिहा, गिबची ढिलाई की बेअरिंगची ते त्यावरून सांगता येईल.