हाक नेमकी कुठून आली?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. दुसरीत असताना गालगुंड झालं आणि तेव्हापासून डावा कान गेलाय, घरच्यांना कळलं तेच मुळी काही महिन्यांनी, मी फोन कायम उजव्याच कानाला लावतो म्हणून. घरात शांत असेल तर काही अडत नाही. पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा हॉटेलात समोरचा बोलतोय हे दिसतं, आवाजही येतो, शब्द मात्र लागत नाहीत. मोबाइल वाजला की चारी खोल्या फिरतो. रस्त्यावर हॉर्न डावीकडून आला तरी मी उजवीकडे बघतो. बायको म्हणते, तुमचं लक्षच नसतं. एक कान तर एकदम ठणठणीत आहे, मग असं का होतं?

उत्तर : आधी वहिनींना हा अंक वाचायला द्या, कारण यात लक्षाचा काही संबंध नाही.

आवाज कुठून आला हे एकटा कान फारसं सांगू शकत नाही, ते मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. डावीकडचा हॉर्न डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात जरा उशिरा, आणि हा उशीर जास्तीत जास्त किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! शिवाय मधे डोकं आडवं येतं म्हणून पलीकडच्या कानात आवाज थोडा कमी होतो. तुमच्याकडे तुलनेला दुसरा कानच नाही, त्यामुळे सगळं उजवीकडूनच आल्यासारखं वाटतं. मोबाइल शोधताना जागच्या जागी हळूहळू गोल फिरा, आवाज सगळ्यात मोठा लागेल तेव्हा तो तुमच्या उजव्या हाताला असेल. दिसायला वेडपट आहे पण चारी खोल्या फिरण्यापेक्षा बरं.

आता हॉलचं. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या संशोधकाने लोकांना हेडफोनवर एकाच माणसाच्या आवाजातली दोन बोलणी एकदम ऐकवली. दोन्ही एकत्र मिसळून ऐकवल्यावर लोकांची पुरती दमछाक झाली, आणि एक या कानात, एक त्या कानात दिल्यावर हवं ते सहज उचलता आलं. तुमच्या कानात सनई, वाढप्यांची भांडी, शेजारच्या मावशी सगळं कायम मिसळूनच येतं. त्यात डोक्याची सावली पडते ती जास्त करून बारीक, टोकदार आवाजांवर, म्हणजे स, श, च असल्या अक्षरांवर. म्हणून डावीकडचा भाजीवाला साठ म्हणाला की तुम्हाला आठ ऐकू येतं (आणि मग भांडण).

जागा निवडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. हॉटेलात डावा कान भिंतीकडे किंवा स्पीकरकडे, माणसं उजवीकडे. पंगतीत डावं टोक पकडा. गाडीत मात्र पंचाईत आहे, आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे शेजारी बसलेल्या वहिनी नेमक्या गेलेल्या कानाशी बोलतात! त्यांना येत असेल तर गाडी त्यांना चालवू द्या, तुमची अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

मशीनबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. क्रॉस नावाचं मशीन मिळतं, त्यात डाव्या कानावर माइक असतो आणि तिथला आवाज वायरलेसने उजव्या कानात येतो. डावीकडून कोणी बोललं तर कळतं, पण दिशा कळत नाही ती नाहीच, आणि गोंगाट डावीकडेच असेल तर तोही चांगल्या कानात येऊन पडतो. म्हणून ट्रायलशिवाय घेऊ नका, आणि ट्रायल दुकानातल्या शांत खोलीत नको, संध्याकाळी स्टेशनबाहेर उभं राहून घ्या.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, शेवटची कधी केली होती? चाळिशीनंतर दरवर्षी करत जा, तुमच्याकडे स्पेअर कान नाहीये. उजव्या कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. घरात लहान मुलं असतील तर एमएमआरचं (गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची लस) डॉक्टरांना विचारून घ्या, सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, तिच्यात गालगुंडाचा भाग नसतो.

आणि हो, फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे डावा-उजवा दोन्हीकडचा आवाज एकत्र होऊन उजव्या कानातही येईल. स्टिरिओ गाण्यात काही वाद्यं फक्त डाव्या इअरफोनमध्ये असतात, तुम्ही इतकी वर्षं ती ऐकलेलीच नसणार.