दातांच्या इम्प्लांटसाठी अमेरिकेतून नाशिकला येणं परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की मूळचे सातपूरचे, आता डॅलसला असता, तीन दात बसवायचेत आणि तिकडचा खर्च ऐकून झोप उडालीय. नाताळात तीन आठवडे सुट्टी आहे, तेवढ्यात नाशिकला येऊन सगळं उरकेल का, आणि हल्ली एवढे लोक उपचारासाठी परदेशात का जातायत, असं विचारलंत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. नाशिकच्या कॉलेज रोडला राहते, पण माझ्या सख्ख्या दादाचं हेच प्रकरण आमच्या घरात चार वर्षं चाललं, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलं तेच सांगते.

माझं मत विचाराल तर जरूर या, पण तीन आठवड्यात संपवायचं म्हणून येऊ नका. दोन फेऱ्या धरून चाला.

दादा न्यू जर्सीला असतो. त्याच्या खालच्या दोन दाढा गेल्या होत्या, तिकडे एका दाताचे साडेचार हजार डॉलर सांगितले. इन्शुरन्स होता, पण तिकडे दातांच्या इन्शुरन्सला वर्षाची मर्यादा असते, त्याची 1,500 डॉलर होती, म्हणजे बाकीचे खिशातून. इथे त्याच कामाचे, म्हणजे हाडातला स्क्रू आणि त्यावर बसणारी दाताची कॅप धरून, एका दाताचे 40 हजार रुपये सांगितले. आता तुम्हीच हिशोब करा, विमानाचं तिकीट काढून वर आईला भेटणं होतं, भाचरांची लग्नं होतात, कोण नाही म्हणेल? डिसेंबरात आमच्याकडच्या दातांच्या दवाखान्यात गेलात तर निम्मी मंडळी बाहेरून आलेली दिसतात, कोणी दुबई, कोणी लंडन, सगळ्यांच्या हातात परतीचं तिकीट आणि डोक्यात तारीख.

आणि तिथेच आम्ही चुकलो. पहिल्या वेळी ज्या दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही) तिथे 12 दिवसात स्क्रू पण आणि कॅप पण असं सांगितलं. लगेच कॅप लावायची पद्धत खरंच आहे, ती काही फसवणूक नाही, पण ती प्रत्येकाला चालत नाही, हाड चांगलं लागतं, चावताना दाब कुठे येतो ते बघावं लागतं. दादाला शुगर, आणि ती कोणी नीट विचारलीच नाही, आम्हीही घाईत सांगितली नाही. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवल्यावर हाड त्याला हळूहळू धरून घेतं, त्याला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात हाड मऊ असतं म्हणून अजून जास्त, चार ते सहा महिने. ही वाट बघणं म्हणजेच खरा उपचार, हे आम्हाला तेव्हा कोणी समजावलं नाही.

सातव्या महिन्यात एक स्क्रू हलायला लागला. तिकडच्या डेंटिस्टने पहिला प्रश्न विचारला, कंपनी कुठली, जाडी किती, लांबी किती? कारण प्रत्येक कंपनीचं बसणं वेगळं, स्क्रू फिरवायची चावीसुद्धा वेगळी. मी इथे दवाखान्यात तीन चकरा मारल्या, रिसेप्शनची मुलगी बदललेली, कागद सापडेना, शेवटी "बहुतेक कोरियन होता" एवढंच उत्तर मिळालं. तिकडे तो काढावा लागला, त्याचे पैसे वेगळे, स्क्रूबरोबर थोडं हाडही गेलं, आणि आई फोनवर रडत होती की मीच त्याला बोलावलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, रोग्याच्या तोंडात काय बसवलं हे लिहून न देणं म्हणजे अर्धवट काम आहे असं मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

दुसऱ्या वेळी नाशिकमधल्याच कॅनडा कॉर्नरच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी दादा यायच्या आधीच एक्सरे व्हॉट्सॲपवर मागवला, एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करायला लावली, आकडा जास्त आला तर सरळ म्हणाल्या आधी शुगर खाली आणा मग तिकीट काढा. आल्यावर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचं थ्रीडी चित्र, मग हाडाची भर, डिसेंबरात स्क्रू, आणि कॅप पुढच्या जूनमध्ये. मधले सहा महिने त्याने तिकडे जाऊन फक्त जपलं. कंपनीही त्यांनी अशी निवडली की जिचे भाग अमेरिकेत सहज मिळतात, आणि बॉक्सवरचं लॉट नंबरचं स्टिकर कार्डावर चिकटवून दिलं, एक त्याच्याकडे, एक माझ्या कपाटात. दोन तिकिटं धरूनही तिकडच्यापेक्षा खर्च कमीच झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लोक का जातायत. हे फक्त आपल्याकडे येणाऱ्यांचं नाही. अमेरिकन लोक ॲरिझोनाच्या सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला दात करायला जातात, त्या गावाला मोलर सिटी, म्हणजे दाढांचं शहरच म्हणतात. ऑस्ट्रियातले लोक हंगेरीत जातात, केस लावायला इस्तंबूल. बँकॉकचं बुमरुंगराड हॉस्पिटल 1997 च्या आशियाई मंदीत रिकाम्या खाटा भरायला बाहेरच्या पेशंटकडे वळलं आणि तिथून मोठं झालं. कारणं तीनच, घरचा दर, घरची वाट बघण्याची रांग, आणि इन्शुरन्स जिथे हात वर करतो ती जागा. अमेरिकेतलं साधं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, बहुतेक दातांची कामं धरतच नाही, म्हणजे म्हातारपणी जेव्हा गरज तेव्हाच नाही.

भारतात तर बाहेरचे लोक गुडघ्याच्या आणि हृदयाच्या ऑपरेशनला येतात. 2017 मध्ये सरकारने फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला मर्यादा घातली, पण तशी मर्यादा दातांच्या इम्प्लांटला नाही, म्हणून तुम्ही दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. माझ्या काकांचं बायपास मुंबईत झालं तेव्हा शेजारच्या खोलीत ओमानचं कुटुंब होतं, अरबी बोलणारा दुभाष्या हॉस्पिटलचाच. त्या घरातली मोठी मुलगी रोज त्याच्यामार्फत एकच विचारायची की घरी गेल्यावर बाबांना काही झालं तर आम्ही कोणाला फोन करायचा. मला तेव्हा तो प्रश्न एवढा लागला नव्हता, दादाचं झाल्यावर लागला. ऑपरेशन इथे होतं हो, पण बरं होणं घरी, आणि घरी डॉक्टर वेगळा असतो.

म्हणून यायच्या आधीच डॅलसच्या तुमच्या डेंटिस्टशी बोला, इथून करून आलो तर तुम्ही नंतर बघाल का असं विचारा. काही जण सरळ नाही म्हणतात, ते आधी कळलेलं बरं.

व्हिसाचं, दादाकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड आहे, त्यामुळे आम्हाला प्रश्न आला नाही. तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असेल आणि ओसीआय नसेल तर ई-मेडिकल व्हिसा निघतो, तो 60 दिवसांचा, त्यात तीन वेळा येता येतं, सोबत दोन माणसांना अटेंडंट व्हिसा मिळतो. पण स्क्रू आणि कॅपमधलं अंतर 60 दिवसात बसत नाही, म्हणजे दुसऱ्या फेरीला पुन्हा अर्ज, ते गणितात धरा. मुंबईहून यायचं आता सोपं झालंय, समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 ला सुरू झाला, कसारा घाटाची कटकट नाही. पण काम झाल्यावर लगेच रात्रीची फ्लाइट ठेवू नका, निदान टाके निघेपर्यंत थांबा, मऊ भात, उपमा, आईच्या हातचं खा.

आणि तुमचे तीन दात वरचे की खालचे ते लिहिलं नाहीत. वरच्या मागच्या दाढा असतील तर वर सायनसची पोकळी असते, हाड कमी निघालं तर ती उचलून भर घालावी लागते, आणि त्यानंतर काही आठवडे विमानात बसू देत नाहीत. तुमच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीचं सगळं गणित त्या एका गोष्टीवर फिरेल, म्हणून डॅलसलाच आधी स्कॅन काढा आणि तो इथल्या डॉक्टरला पाठवून विचारा, तिकीट त्यानंतर बुक करा.