कमांडिंग ऑफिसर मागे राहून हुकूम देतो ना? मग १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल तारापोर आघाडीवर कसे मारले गेले?

मागे तंबूत नकाशा पसरून बसलेला अधिकारी बहुधा ब्रिगेडच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवरचा असतो. रणगाडा रेजिमेंटच्या कमांडंटला स्वतःचा रणगाडा असतो आणि लढाई त्याला त्यातूनच चालवावी लागते.

तारापोर यांच्या पूना हॉर्स या रेजिमेंटकडे सेंच्युरियन रणगाडे होते. एकेक सुमारे ५० टनांचा. आत चौघे: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. अशा रेजिमेंटमध्ये तीन स्क्वाड्रन असतात, प्रत्येकी साधारण १४ रणगाड्यांचे, आणि शिवाय मुख्यालयाचे दोन-तीन. हे सगळं रेडिओवर हलवायचं. एका नेटवर, म्हणजे रेडिओच्या जाळ्यावर, ब्रिगेड, दुसऱ्यावर स्क्वाड्रन कमांडर. पाकिस्तानातल्या सियालकोटजवळच्या फिलोरा-चाविंडाच्या उसाच्या पट्ट्यात मागे राहिलेल्या माणसाला उसापलीकडचं काही दिसत नाही. रेडिओवर कळतं ते दुसऱ्याने पाहिलेलं, तेही उशिरा. झाकण लावून पेरिस्कोपमधून पाहावं तर नजर फटीएवढी आणि वर धुरळा. म्हणून कमांडर कपोला, म्हणजे रणगाड्याच्या माथ्यावरचा घुमट, उघडा ठेवून डोकं बाहेर काढतो. रणगाडा शाबूत राहूनही कमांडर जायबंदी होतो तो यामुळेच. फुटलेल्या तोफगोळ्याच्या छर्‍यांना मग पोलाद भेदावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष घटना. ११ सप्टेंबरला फिलोऱ्यावर मागून अचानक हल्ला करायचा बेत होता. त्यासाठी रेजिमेंट फिलोरा आणि चाविंडा यांच्यामधून घुसत असताना वझीरवालीकडून शत्रूचे रणगाडे चालून आले. तारापोर तेव्हा अग्रभागी होते. त्यांनी जागा सोडली नाही आणि एक स्क्वाड्रन व पायदळाची बटालियन घेऊन फिलोऱ्यावर चढाई केली. तिथे ते जखमी झाले. मागे जायला मात्र त्यांनी नकार दिला. १४ तारखेला वझीरवाली घेतलं, १६ तारखेला जस्सोरान आणि बुट्टर-डोगरांडी.

या शेवटच्या दोन गावांचं महत्त्व अनेक लेखांत निसटतं. रेजिमेंटला तिथे 'पिव्हट' धरायचा होता. चाविंड्यावर मागून जाणाऱ्या पायदळासाठी बिजागरी म्हणा. दार फिरायचं तर बिजागरी हलता कामा नये, म्हणजे रणगाड्यांनी तोफांच्या माऱ्याखाली जागेवरच थांबायचं. चालत्या रणगाड्यावर नेम धरणं कठीण, थांबलेल्यावर तोफखाना सावकाश नेम सुधारत नेतो. तारापोर यांच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला तो इथेच, आणि त्याच दिवशी त्यांना प्राणघातक जखम झाली. याच लढाईत ८ गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर, बेने इस्राएली, म्हणजे इथल्या ज्यू समाजातले लेफ्टनंट कर्नल जिराड हेही पडले. चाविंडा अखेर हाती आलं नाही, आणि हे लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही. तारापोर यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी आणि आपले नऊ, असा हिशेब आहे. असे आकडे दोन्ही बाजूंचे कधीच जुळत नसतात, हे धरून ते वाचावेत.

मुंबईत १९२३ साली जन्मलेले, पुण्यात शिकलेले तारापोर आधी हैदराबाद संस्थानच्या फौजेत पायदळात होते. तिथे एका रंगरुटाच्या हातून सुटलेला हातबॉम्ब त्यांनी उचलून फेकला. तो हवेतच फुटला आणि छर्रे त्यांच्या छातीत शिरले. संस्थानच्या घोडदळात, म्हणजे चिलखती दलात त्यांची बदली झाली ती यानंतर. पूना हॉर्समध्ये ते १९५१ ला आले.

मरणाची व्यवस्थाही त्यांनी आधीच लावली होती. आपण पडलो तर दहन रणभूमीवरच करावं, असं त्यांनी मेजर चीमांना सांगून ठेवलं होतं. पारशांत परंपरेने दहन करत नाहीत, म्हणून पारशी माणसाचं हे सांगणं मुद्दाम लक्षात घ्यावं. प्रार्थनेचं पुस्तक आईला, सोनसाखळी पत्नीला, अंगठी मुलीला, ब्रेसलेट आणि फाउंटन पेन मुलाला. दहन त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिथेच झालं.