ईडन पार्कला पहिल्यांदा जाताना

अरे, ऑकलंडला पोचलास आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या ईडन पार्क मैदानावरच्या रग्बीचं तिकीट काढलंस, झकास! मोतीबाग मैदानात उन्हात बसून क्रिकेट बघणारी आपण बडोद्याची माणसं. ऑकलंडला जुलैत हिवाळा असतो, कडाक्याची थंडी नसली तरी वारा आणि पाऊस हाडात शिरतो. रेनकोट घे, छत्री नको. मागचे लोक चिडतात. माझ्यावर चिडले होते.

किंग्सलँड स्टेशनला उतर, मैदान समोरच आहे. अर्धा तास आधी जागेवर बस, नाहीतर ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाचा, हाका (सामन्याआधीचा माओरी नाच) चुकेल. तो चालू असताना मोबाइल खिशात ठेव.

नियम सगळे पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा आडवाच. लाथेने मात्र पुढे मारता येतो. एवढं कळलं की खेळ दिसायला लागतो. गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, 5 गुण. त्यानंतरच्या किकला 2, समोरच्याने नियम मोडल्यावर मिळणाऱ्या पेनल्टी किकला 3. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. स्क्रम (दोन्ही संघ खांदे भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करतात तो) का दिला हे मला अजून दर वेळी कळत नाही, शेजारच्या आजोबांना विचारतो. विचारलं की ते खूश होतात.

एक मात्र: या मैदानावर ऑल ब्लॅक्स 1994 पासून कसोटी (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्याला कसोटी म्हणतात) हरलेले नाहीत, तेव्हा पैज लावू नकोस. आणि खायला डबा नेता येईल का ते तिकिटावरचे नियम वाचून ठरव. सेवउसळ तर मिळणार नाहीच.