अठरा हजारांचा ट्यूनर आणि साठ हजारांचा हप्ता

कुडाळजवळच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 34. दिवसा वर्कशॉपमध्ये नोकरी, पगार 18,000. रात्री ऑर्केस्ट्रात बेस गिटार. वर्षाला सत्तरेक सुपाऱ्या, नाइट 2,000. घरी आई, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. प्रश्न असा: "माझा क्लिपवाला ट्यूनर स्टेजवर दगा देतो. पीटरसनचा स्ट्रोब पेडल 18,000 ला मिळतोय, नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? त्याने गोव्यातल्या हॉटेलांची कामंही मिळतील. सध्या कार्डावर 55,000 बाकी आहेत, कारण गेल्या नोव्हेंबरचा पॉलिसीचा हप्ता कार्डावरून भरला. पण मिनिमम वेळच्या वेळी भरतो, आणि मे महिन्यात आंब्याचे दीड लाख येतील तेव्हा सगळं फिटेल."

ट्यूनरचं, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणाऱ्या यंत्राचं, आधी उरकून टाकू. क्लिप दगा देतो ही तक्रार खरी आहे. तो गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लागतो आणि त्याची थरथर मोजतो. शेजारी ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजत असेल तर तीही थरथर त्यात मिसळते. बेसची जाड ई तार जेमतेम 41 हर्ट्झची, ती त्याला आधीच जड जाते. म्हणून पेडल, म्हणजे पायाने चालवायचा ट्यूनर, हवाच. तो केबलमधून थेट सिग्नल घेतो, आणि पाय दिला की आवाज बंद होऊन सूर लावता येतो. पण बॉस कंपनीचा टीयू-3 पेडल हेच काम आठ-दहा हजारांत करतो. तो एका सेंटपर्यंत अचूक, पीटरसन सेंटच्या दहाव्या भागापर्यंत. एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तुमचं बोट तार जरा जोरात दाबतं तेव्हाच सूर त्याहून जास्त सरकतो. रेकॉर्डिंग स्टुडिओ काढलात तर पुन्हा लिहा. गोव्याचं म्हणाल, तर पायाखालचा पेडल बघून कुणी बेसिस्टला बोलावत नाही. खाऱ्या हवेत गंजलेल्या तारा मात्र पहिल्याच गाण्यात कळतात. दोन हजारांचा नवा संच आधी चढवा.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रात पॉलिसीचा तपशील तुम्ही सहज लिहून गेलात: वर्षाला 60,000, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 10 लाख "गॅरंटीड". बँकेतल्या ओळखीच्या बाईंनी "एफडीसारखीच आहे, वर विमा फुकट" म्हणून दिली. दोन हप्ते भरून झालेत, तिसरा नोव्हेंबरात.

सहा लाखांचे दहा लाख ऐकायला गोड वाटतात. हिशोब मांडला तर परतावा वर्षाला पाच टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये टाकले आणि सध्याचा 7.1 टक्के दर टिकला, तर पंधरा वर्षांनी साडेबारा लाख होतात. आणि तो फुकटचा विमा सहा लाखांचा. तुमच्या घरात तो दोन वर्षंही पुरायचा नाही. एफडी म्हणून विमा गळ्यात मारायचा हा धंदा मी वीस वर्षं बघतोय, अजून संताप येतो.

पण त्याहून महागात पडलंय ते कार्ड. पाच टक्के देणाऱ्या पॉलिसीसाठी तुम्ही महिना साडेतीन टक्क्यांचं, म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांचं कर्ज काढलंत. त्या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी. 55,000 वर महिन्याचे सव्वादोन हजार नुसते व्याजात जातात. मिनिमम पावणेतीन हजार, म्हणजे मुद्दल पाचशेनं उतरतं. दहा महिन्यांत साधारण अठ्ठावीस हजार भरलेत आणि देणं साठाचं पंचावन्न झालं. पीटरसनचे पैसे बँकेला आधीच देऊन झालेत, फक्त पेडल घरी आला नाही. नो-कॉस्ट ईएमआयतही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतोच. शिवाय बाकी थकलेली असताना त्या कार्डावरच्या रोजच्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

आंब्याचे दीड लाख मी हिशोबात धरलेले नाहीत. मोहोर यायचाय, त्याच्यावर तुडतुडे बसायचेत, एखादा अवकाळी पाऊस पडायचाय. आणि सातबाऱ्यावर नावं किती, ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

तिसरा हप्ता भरू नका. मात्र आधी 50 लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे परतावा नसलेला निव्वळ विमा, घ्या. तुमच्या वयाला वर्षाला आठ-दहा हजारांत बसावा. विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल आणि नाइटचे पैसे रोख मिळतात, तेव्हा ते दाखवून रिटर्न भरायला लागा. एवढ्या उत्पन्नावर कर लागणार नाही. रात्री तीनला टेम्पोतून हायवेने परतणाऱ्या माणसाने 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा न घेणं मला समजत नाही. दोन लाखांचं अपघात संरक्षण आहे, उद्याच घ्या.

टर्म प्लॅन हातात आला की विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: सरेंडर मूल्य (पॉलिसी आत्ताच बंद केली तर हातात येणारे पैसे) आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास) शेवटी मिळणारी रक्कम. कार्डाचं देणं नसतं तर पॉलिसी पेड-अप करून विसरून जा म्हटलं असतं. पण 42 टक्के डोक्यावर असताना हातात येणारा पैसा मोलाचा, म्हणून सरेंडर करा. समजा 40,000 आले, तर ते थेट कार्डात. उरलेले पंधरा हजार नवरात्र आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या आठ नाइटांत फिटतात. त्यापुढच्या चार-पाच नाइटांत टीयू-3, रोखीने. तोवर क्लिपवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा वरचा सूर) वाजवून सूर लावा. ड्रमर बसायच्या आत.

पॉलिसीत अर्ध्याहून जास्त पैसे बुडाल्यासारखे वाटतील, आणि बुडालेच आहेत. तेवढ्यासाठी आणखी आठ हप्ते भरू नका. आणि हप्ता कार्डावर ऑटो-पेला लावलेला असेल तर ती सूचना नोव्हेंबरच्या आधी स्वतः रद्द करा, रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा. बँकेतल्या त्या बाईंना फोनवर सांगून ते थांबत नाही.