बेल वाजवून आत जायचं, मग पुढे काय?

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं बघायला गेलो होतो, तिथून फिरत फिरत कुलाब्यात एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर छोटी गॅलरी दिसली, बेल वाजवून आत जायचं. सहा जणांचा ग्रुप शो होता. एकीने जुन्या साडीचे धागे सोडवून भिंतीवर लावलेले, एक व्हिडिओ चालू आणि कोपऱ्यात नुसत्या विटा! चित्राखाली ना नाव ना किंमत, टेबलावरची मुलगी लॅपटॉपमधून मान वर करेना. पाच मिनिटांत बाहेर पडलो. आम्हाला कळलं नाही की त्यात कळण्यासारखं नव्हतंच? आणि काही घ्यायचं नसताना असं जाणं बरं दिसतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी शेवटचं सांगते. खुशाल जा. तिकीट नसतं आणि विकत घेतलंच पाहिजे असंही नाही, येणाऱ्यांतले बहुतेक नुसतं बघायलाच येतात. बेल असते कारण दार बंद ठेवतात, त्याचा मान-अपमानाशी काही संबंध नाही (मीसुद्धा पहिल्यांदा जिन्यातून परत फिरले होते).

नावं भिंतीवर नसली तर टेबलावर एक कागद असतो, त्यात नंबरवार कलाकार, माध्यम, साल सगळं मिळतं. किंमत नसेल तर सरळ ‘प्राइस लिस्ट आहे का’ विचारायचं. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय. प्रिंटखाली पेन्सिलने ३/१० लिहिलं असेल तर दहा प्रतींमधली तिसरी.

आता विटांचं. खरं सांगू का, ग्रुप शोमध्ये सगळंच चांगलं नसतं, कधी कधी गॅलरीकडे जे आहे तेच पावसाळ्यात भिंती रिकाम्या दिसू नयेत म्हणून लावतात आणि वर एक जड कॉन्सेप्ट नोट, म्हणजे प्रदर्शनामागचा विचार सांगणारा मजकूर, चिकटवतात. ती नोट शेवटी वाचा, वाचलीच तर! पण नव्या कलाकाराला एकदम सोलो, म्हणजे एकट्याचं प्रदर्शन, मिळणं कठीण, तेव्हा त्याची पहिली दोन-चार कामं बहुतेक वेळा अशाच खोलीत दिसतात. हे काही आजचं नाही. १९४९ मध्ये चित्रकार रझा, सुझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे या सहा जणांनी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरच्या जागेत एकत्रच प्रदर्शन भरवलं होतं, म्हणजे तुम्ही फिरत होतात तिथेच, काळा घोड्याला. जहांगीर तर १९५२ सालचं, तेव्हा ते नव्हतंच.

मी काय करते, आधी एक फेरी झरझर मारते आणि मग ज्याच्यापाशी पाय अडले त्या एकाच कामासमोर थांबते, बाकीच्या पाचांचं वाईट वाटून घेत नाही. मग शेजारी काय लावलंय ते बघते. साडीच्या धाग्यांशेजारी विटा का ठेवल्या असतील, दोन्ही घरातून निघालेलंच सामान आहे ना, कोणी उसवलेलं कोणी पाडलेलं? कदाचित तसं नसेलही, पण मग हेच त्या लॅपटॉपवाल्या मुलीला विचारा, कोणी विचारलं की त्या बऱ्याचदा खुलतात आणि अर्धा तास बोलतात.

फक्त रविवारी जाऊ नका, जहांगीर उघडं असतं पण या छोट्या गॅलऱ्यांना बहुतेक कुलूप असतं. डोंबिवलीहून एवढं येऊन नुसती बेल वाजवत बसाल.