खेळातल्या मरणाला मृत्युदंड म्हणावं का?

प्रश्न असा आहे: "दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं भित्तिपत्रक निघतं. त्यासाठी मी ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमवर लेख लिहितो आहे. 'डेथ पेनल्टी'ला, म्हणजे गेममधलं आपलं पात्र मेल्यावर होणाऱ्या नुकसानीला, 'मृत्युदंड' लिहिलं, तर एका आजोबांनी विचारलं, 'फाशी कोणाले झाली बे?' दुसरा शब्द सुचवा. 'पर्माडेथ'ला, म्हणजे पात्र एकदा मेलं की कायमचं जाण्याला, काय म्हणू? आणि पोरं बोलतात तसं 'मेलो' लेखात चालेल का?"

आजोबांचं बरोबर आहे. अर्थदंड म्हणजे पैशाच्या रूपातली शिक्षा, देहदंड म्हणजे देहाने भोगायची शिक्षा, तसा मृत्युदंड म्हणजे मृत्यू हीच शिक्षा. असल्या समासांत 'दंड'च्या आधीचा शब्द शिक्षा कोणती ते सांगतो, कशाबद्दल ते सांगत नाही. इंग्रजीत 'पेनल्टी'च्या आधी बसलेला शब्द दोन्ही कामं करतो, आणि गेमवाल्यांनी त्यातलं दुसरं उचललं. खेळात मरण आधी येतं, वसुली मागाहून होते. चीटिंग सापडली म्हणून कंपनीने खातं कायमचं बंद केलं, तर तिथे मात्र 'मृत्युदंड' खुशाल लिहा. गुन्हाही आहे आणि शिक्षाही तीच.

मग 'मरणाचा दंड'? 'उशिराचा दंड' चालतो तर हाही चालावा, पण 'मरणाचा' हा शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. मरणाचं ऊन, मरणाची गर्दी. मे महिन्यात चंद्रपूरला जाऊन आलेला माणूस 'मरणाचा दंड' वाचून 'लय मोठा दंड' असाच अर्थ लावेल. 'मेल्याचा दंड' त्याहून वाईट. वाचणाऱ्याला वाटेल, कोण्या मेल्याला शिव्या घालून राहिले.

माझं मत 'भुर्दंड'ला. दंडाला गुन्हा लागतो, भुर्दंडाला लागत नाही. पाऊस दडी मारतो, बियाणं उगवत नाही, आणि शेतकऱ्याला दुबार पेरणीचा भुर्दंड बसतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. जाते ती नुसती रोकड नाही. बियाणं, मजुरी, आणि हंगामाचे दिवस, जे कोणी भरून देत नाही. खेळातही असंच होतं. सोबतचा गडी ऐन लढाईत पळाला किंवा गावातलं नेटवर्क गेलं तरी मरण तुमच्याच नावावर, आणि बहुतेक ठिकाणी खरी किंमत मोजायची ती पुन्हा घालवलेल्या तासांत. 'मरणापायी भुर्दंड' असं लिहा. 'पायी'मध्ये नुकसानीचा सूर आपोआप येतो, 'दारूपायी वावर गेलं' म्हणतो तसा. पुढे नुसतं 'भुर्दंड' म्हटलं तरी वाचक समजेल.

भुर्दंड किती आणि कशाचा, हे गेमगणिक बदलतं. लेखात हे जरा पसरून सांगा, कारण शब्द त्यावरूनच ठरतो. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये मेल्यावर कमावलेला अनुभव वजा व्हायचा, कधी मिळवलेली लेवलही उतरायची. वरून सगळं सामान मढ्यावरच राहायचं, आणि जिथे मेलात तिथे उघड्या अंगाने परत जाऊन ते आणावं लागायचं. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये तुम्ही भूत होऊन हिंडत असता आणि तोवर तुमचं मढं कोणीही लुटू शकतं. भूत काही बोललं तर जिवंत माणसांना नुसतं 'ऊऊऊ' दिसतं. रूनस्केपमध्ये मेल्यावर सगळ्यात किमती ३ वस्तू जवळ राहतात. पण दुसऱ्या खेळाडूवर आपणहून हल्ला करून डोक्यावर कवटीची खूण आली असेल, तर त्याही जातात. इथे मात्र 'दंड' म्हणता येईल, कारण इथे आगळीक आहे.

२००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने हे सगळं सौम्य केलं. मेल्यावर भूत स्मशानात उठतं, मढ्यापर्यंत धावत जातं आणि जिवंत होतं. अंगावरच्या सामानाची १० टक्के झीज होते. चालायचा कंटाळा असेल तर स्मशानातली देवदूतासारखी बाई तिथल्या तिथे उठवते, पण मग सामान आणखी २५ टक्के झिजतं आणि मोठ्या लेवलच्या पात्राला १० मिनिटं अशक्तपणा राहतो. 'झीज' हा शब्द इथे नेमका बसतो, 'टिकाऊपणा कमी होणे' वगैरे लिहीत बसू नका. अंतराळातल्या ईव्ह ऑनलाइनमध्ये जहाज फुटलं ते फुटलं, पायलट मात्र क्लोनमध्ये, म्हणजे आपल्याच देहाच्या दुसऱ्या प्रतीत, जागा होतो. पूर्वी पुरेसा भारी क्लोन घेऊन ठेवला नसेल तर शिकलेलं कौशल्यही जायचं. २०१४ मध्ये ते बंद केलं. भुर्दंड काहीच नसेल तर धोक्याला अर्थ राहत नाही आणि फार असेल तर लोक खेळ सोडून जातात, म्हणून कंपन्या हा काटा मागेपुढे सरकवत असतात.

मढं आणायला जाण्याला गेमवाले 'कॉर्प्स रन' म्हणतात. आपल्याकडे 'मयतीला जाणे' तयार आहे. 'आपल्याच मयतीले चाललो' हे भित्तिपत्रकात वाचून पोरं हसतील, पण शब्द विसरणार नाहीत.

आता 'पर्माडेथ'. इथे पहिला मोह कबड्डीचा होतो. कबड्डीच्या जुन्या तीन पद्धती सांगतात. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो, आजची कबड्डी हीच. गामिनीत बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर राहतो. अमरमध्ये बाद झालेलाही मैदानातच राहतो, समोरच्याला फक्त गुण मिळतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला कबड्डी दाखवली होती, तेव्हा ही शब्दसंपत्ती आपल्या घरचीच समजायला हरकत नाही. सोबती जिवंत करू शकतो त्या गेमला 'संजीवनी पद्धत' म्हणा, छान जमतं. 'गामिनी' मात्र पर्माडेथला लावू नका. तिथला गडी पुढच्या डावात परत येतो. एका फेरीपुरतं मरण असलेल्या गेमला तो शब्द ठीक आहे. पर्माडेथमध्ये पुढचा डावच नाही.

त्यासाठी मराठीचा 'च' पुरे: मेला तो मेलाच. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या, निव्वळ अक्षरांतून खेळायच्या 'मड' या गेममध्ये लढाईत मेलेलं पात्र कायमचं पुसलं जायचं, आणि इतर काही मरणांतून परत येता यायचं. परत येता येणाऱ्या मरणाला 'डेड' आणि कायमच्या मरणाला 'डेड डेड' म्हणत. आपलं 'मेला' आणि 'मेलाच'. २००० सालच्या डायब्लो २ मधला हार्डकोर प्रकार 'मेलाच'चा, २०२३ मध्ये वॉरक्राफ्ट क्लासिकने काढलेले हार्डकोर सर्व्हरही त्यातलेच. नामच हवं असेल तर 'कायमचं मरण' लिहा. 'चिरमृत्यू' म्हटलं की निवडुंगासारखं टोचतं.

'मेलो'बद्दल विचारलंत. जरूर चालेल. एरवी हे रूप फक्त अतिशयोक्तीत येतं, 'मेलो रे बाप्पा' असं. शब्दशः खरं असताना ते उच्चारता येण्याची सोय गेमनेच करून दिली. 'मृत्यू पावलो' किंवा 'निधन झालं' लिहाल तर शोकसभेचा बोर्ड वाटेल. फक्त वऱ्हाडी रूप वापरताना जपा. 'कवाचा मरून राहिलो' म्हणजे आपल्या भागात 'केव्हापासून मरतोच आहे'. पुण्याचा वाचक 'मरून पडून राहिलो' असं समजेल. भित्तिपत्रक गावातच लागणार असेल तर हा प्रश्नच नाही.

'रिवाइव', म्हणजे मेलेल्या सोबत्याला पुन्हा उठवणं, हा शब्द तसाच राहू द्या. 'रिवाइव दे ना बे' यात तो आपल्या क्रियापदाशी केव्हाच संसार करून बसला आहे.